बराबर, पण

२६ मे १९९६, रविवार. नळाचा दिवस होता.

आमच्या गल्लीला तेव्हा आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं आणि आलं की तासाभरात जायचं. त्यामुळे सकाळी साडेसहालाच मी दारापुढे दोन ड्रम, पाच घागरी, पत्र्याची बादली आणि कुकरसकट घरात होती नव्हती तेवढी भांडी मांडून बसले होते. नळाला फडकं बांधायचं, घागर भरायची, आत नेऊन ड्रममध्ये ओतायची, परत यायचं. या कामाला डोकं लागत नाही. त्या दिवशी लागलं असतं तर बरं झालं असतं, कारण डोकं सारखं खुंटीवरच्या पिशवीकडे जात होतं. पिशवीत एक टाइप केलेला कागद होता आणि सोमवारी सकाळी दहाच्या आत मला त्यावर सही करून द्यायची होती.

सही केली तर मला प्रयोगशाळेतून काढून पॅकिंगच्या शेडमध्ये रोजंदारीवर ठेवणार होते. केली नाही तर फाटकाबाहेर.

शेडचं मला काही वाटत नव्हतं. हात कुठेही चालतात. पण सासरी एक ठरलेलं होतं, आणि ते देवासमोर ठरावं इतकं पक्कं होतं: माझी नोकरी आहे तोवर पोरगी जालन्यात शिकेल. आमचं गाव केदारखेड्याच्या पलीकडे. तिथली शाळा सातवीला संपते. नवरा गावी शेती बघायचा, मी आणि पोरगी जालन्यात एका खोलीत राहायचो. ती नुकतीच नववी पास झाली होती. वय पंधरा. दिवाळीपासून तिच्यासाठी स्थळं यायला लागली होती आणि दर वेळी मी एकच उत्तर द्यायचे, "आधी दहावी." नोकरी गेली की खोली जाणार, खोली गेली की आम्ही दोघी गावी, आणि गावी गेल्यावर माझ्या उत्तराला कोण विचारतो? तेव्हा त्या कागदावर माझी सही मागितली होती हे खरं, पण पणाला लागली होती ती तिची दहावी.

मी बारावी शास्त्र झालेली. बियाण्याच्या एका कंपनीत उगवण तपासायचं काम नऊ वर्षं करत होते. जाड ओल्या कागदावर बियाणं ओळीनं मांडायचं, वरून दुसरा कागद ठेवून त्याची गुंडाळी करायची आणि त्या गुंडाळ्या ट्रेमध्ये उभ्या करून एका बंद खोलीत ठेवायच्या. तिला आम्ही उगवणखोली म्हणायचो. ठरलेल्या दिवशी गुंडाळी उलगडून मोजायचं: धड कोंब किती, वेडेवाकडे किती, मेलेले किती. त्या मोजणीवर लॉट पास किंवा नापास. पास झालेला पिशव्यांत भरून गावोगाव जायचा.

खोली पंचवीस अंशांवर ठेवायची असते. त्यासाठी मागच्या खिडकीत एक मोठा कूलर बसवलेला होता. आता मे महिन्यात जालन्यात कूलरने काय होणार? दिवसभर चालवला तरी खोली तिशीच्या खाली उतरत नसे. पण तिशीपर्यंत कपाशीचं बियाणं तग धरतं, कुरकुर करत का होईना उगवतं.

आणि इथे माझी स्वतःची चूक सांगते, कारण ती पुढे माझ्याच अंगाशी आली. दारावर एक रजिस्टर टांगलेलं असायचं. त्यात रोज सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचं. मी कामाला लागले तेव्हा आधीच्या म्हाताऱ्या इनचार्जनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं, "पंचवीस लिहायचं बाई. हिवाळा असो, उन्हाळा असो, पंचवीस. तपासणारा पंचवीसच बघतो. त्याला अठ्ठावीस दिसलं की तो आपल्याला काम लावतो." मी नऊ वर्षं पंचवीस लिहिलं. थर्मामीटर बघत होते, खरा आकडा मनात ठेवून त्याप्रमाणे पाणी कमी-जास्त करत होते, आणि कागदावर पंचवीस लिहीत होते. त्यात काही गैर आहे असं तेव्हा वाटलंच नाही. आमच्याकडे रजिस्टर असंच भरतात.

मार्चमध्ये नवे मॅनेजर आले. पुण्याकडचे, शिकलेले, बोलणं स्वच्छ. त्यांना आमचं ऊन सोसेना. एप्रिल संपता संपता त्यांच्या केबिनमधला कूलर बंद पडला, तशी दोन माणसं आली, उगवणखोलीच्या खिडकीतला कूलर काढला आणि खिडकीला पुठ्ठा ठोकून निघाली. मी मागोमाग केबिनमध्ये गेले.

"साहेब, आत कपाशीच्या गुंडाळ्या लावलेल्या आहेत."

"दोन दिवसांचा प्रश्न आहे हो बाई. आणि बियाणं शेतात उन्हातच उगवतं ना?"

"बराबर साहेब, पण..."

त्यांनी फोन उचलला होता. मी पाच मिनिटं उभी राहिले. मग परत आले.

दोन दिवसांचे वीस झाले. मी खोलीत ओली पोती टांगली, फरशीवर पाणी मारलं, दुपारी दार बंद ठेवून रात्री पहारेकऱ्याला दार उघडायला सांगितलं. थर्मामीटर अडतीसच्या पुढे गेला, रजिस्टरात मात्र मी सवयीने पंचवीसच लिहीत राहिले. बाराव्या दिवशी मोठ्या लॉटच्या गुंडाळ्या उलगडल्या तर कागदालाच वास येत होता. अर्ध्याहून जास्त दाणे कुजलेले, वर काळी बुरशी. मी मोजलं तेच लिहिलं आणि खाली शेरा मारला की खोली तापल्यामुळे असं झालं, लॉट चांगला असू शकतो, फेरचाचणी घ्यावी.

फेरचाचणीला पुन्हा बारा दिवस लागणार होते आणि पेरणी तोंडावर आलेली. मुख्य कार्यालयातून फोनवर फोन येऊ लागले. लॉट अडला तो कोणामुळे, असा प्रश्न वर गेला, आणि प्रश्न वर गेला की उत्तर खाली येतं. मंगळवारी मला चौकशीला बोलावलं.

केबिनमध्ये तिघे होते. आमचे मॅनेजर, मुख्य कार्यालयाकडून आलेले एक जाड चष्म्याचे गृहस्थ आणि लिहून घ्यायला टायपिस्ट. मला बसायला दिलेली खुर्ची बरोबर कूलरच्या समोर होती. माझ्याच खोलीतला कूलर. वारा मानेवर गार लागत होता आणि आवाज पिठाच्या गिरणीसारखा. चष्मेवाले हळू बोलायचे. अर्धं ऐकू येत होतं, अर्धं ओठांवरून समजून घेत होते.

"गुंडाळ्या तुम्ही स्वतः लावल्या?"

"बराबर."

"पाणी देण्याचं काम तुमचं?"

"बराबर साहेब."

"मोजणी तुमची, सही तुमची?"

"बराबर."

"म्हणजे नमुने खराब झाले, ती जबाबदारी तुमची."

"बराबर साहेब, पण..."

"पुढे जाऊ."

जालन्याबाहेरच्या वाचकासाठी सांगते. आमच्याकडे समोरचा बोलत असताना गप्प बसणं उद्धटपणाचं समजतात. त्याच्या दर वाक्याला 'बराबर' म्हणायचं, म्हणजे तो काय बोलतोय ते आपल्यापर्यंत पोचतंय. पटलं का नाही, तो पुढचा भाग. तो 'पण'नंतर येतो. आमच्याकडे भांडणसुद्धा 'बराबर' म्हणूनच सुरू होतं. माझे चार बराबर झाले, आणि महिन्याभरात दोन वेळा 'पण' तोंडातच राहिला.

शेवटी चष्मेवाल्यांनी रजिस्टर उघडलं. पानं उलटत गेले. पंचवीस, पंचवीस, पंचवीस.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"मग खोली तापली होती असं तुम्ही शेऱ्यात लिहिलं, ते कोणत्या खोलीबद्दल?"

मॅनेजर हसले. टायपिस्ट खाली बघून लिहीत राहिला. नऊ वर्षांचं माझंच अक्षर माझ्यासमोर उघडं होतं आणि त्याला मी काय उत्तर देणार होते?

शुक्रवारी कागद हातात आला. वर तारीख, खाली माझं नाव टाइप केलेलं, सहीला जागा. मी चौकशीत सर्व आरोप कबूल केले आहेत, मला पश्चात्ताप झाला आहे, यापुढे व्यवस्थापन देईल ते काम मी करीन, असं काहीबाही. कबूल हा शब्द चार वेळा होता. मी मोजला. तेवढेच माझे बराबर होते.

शुक्रवार-शनिवारी मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण केलं ते केलं. आधी प्रयोगशाळेतल्या माझ्या मदतनीस बाईकडे गेले. म्हटलं, कूलर नेला हे तू लिहून दे.

"ताई, माझे दोन लेकरं हायेत. मी कूलर पाह्यलाच न्हाई."

"केबिनमध्ये रोज त्याच्यात पाणी कोण ओतत होतं?"

"मीच. पण पाह्यला न्हाई."

मी तिला दोष दिला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही पाहिला नसता.

मग कामगारांच्या कचेरीत गेले. तिथल्या बाबूंनी कागद दोनदा वाचला. "सही केली का?" "नाही." "काढलं का?" "अजून नाही." "मग बाई, अजून काही झालेलंच नाही. काही झालं की या." माणूस वाईट नव्हता. चहा विचारला त्यांनी.

शनिवारी भर दुपारी मी मॅनेजरांच्या बंगल्यावर गेले. फाटकाशी उभी राहिले. त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं आणि म्हणाली, साहेब झोपलेत. मी म्हटलं, थांबते. दीड तास थांबले. सावली नव्हती. पाय धरायची तयारी करून गेले होते, हे लपवत नाही. पोरीसाठी धरले असते. ते बाहेर आले, बनियनवर टॉवेल, आणि मी वाकायच्या आत म्हणाले, "घरी यायचं नाही. सोमवारी कागद घेऊन या, सही करून. शेडमध्ये तुमची सोय करतोय ते उपकार समजा."

मी म्हणाले, "बराबर साहेब."

घरी येईपर्यंत माझा मलाच राग येत होता. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला पाठीचा कणा नव्हता.

तर, रविवार. तिसरी घागर भरत असताना माझी सासू गल्लीत शिरली. पहिल्या एस.टी.ने आली होती. डोक्यावर ज्वारीच्या पिठाचं गठुडं, हातात कैऱ्यांची पिशवी.

"हे काय गं बाई? पाण्यासाठी एवढं टोपल्या-भांड्याचं लगीन मांडलं?"

"बसा आत्याबाई. गावाकडं कसं आहे पाणी?"

"गावाकडं रांग न्हाई. पाणीच न्हाई तर रांग कशाची?" असं म्हणून तिने पदर खोचला आणि घागर उचलून आत नेली. साठी उलटलेली बाई, पण माझ्यापेक्षा जल्दी घागर उचलायची.

दोन खेपा झाल्यावर तिने विषय काढला. तिला माझ्या घरात यायला कारण लागायचं, आणि कारण नेहमी पिठाच्या गठुड्याखाली असायचं.

"तुमच्या कंपनीतला पहारेकरी आपल्या पाव्हण्यातला हाये, ठाऊक हाये ना? तो गुरुवारी भोकरदनच्या बाजारात भेटल्ता."

माझ्या हातातली घागर नळाखाली तशीच राहिली.

"म्हणला, सूनबाईनं समदं कबूल केलं म्हने. बियाणं नासवलं म्हने."

"मी काही नासवलं नाही, आत्याबाई."

"मी कुठं म्हणले नासवलं? तो म्हणला. मी तर त्याला बोलले, आमची सून दुधात पाणी घालत न्हाई, बियाणं कामून नासवंल? पण मंग सारं गाव मला इचारू राह्यलं, नोकरी गेली का, पोरगी आता येती का म्हनून."

आतून पोरगी बाहेर आली. तिला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आजीकडे. आजीने तिला जवळ ओढून बसवलं आणि एकदम आवाज बदलून बोलायला लागली.

"धावड्याकडचे लोक हायेत. पोरगा एकुलता. मोसंबीची बाग हाये, घरचं ट्रॅक्टर हाये. बिलकुल मागत न्हाईत काही. लग्नाचा खर्चा निम्मा त्येंचा."

"आजी, मुलगा कितवी शिकलाय?" पोरीने विचारलं.

"आठवीला होता, मंग बागंचं काम पडलं."

"मग त्याला आठवीतून बागेनं काढलं, आणि मला नववीतून तो काढणार. पुढं आमच्या लेकरांना पहिलीतूनच काढा, म्हणजे झंझटच नाही."

"तोंड बघ हिचं! हेच शिकवतेत का शाळेत?" पण म्हातारी हसली. मग माझ्याकडे वळली. "बुधवारी पाव्हणे पाह्यला येऊन राह्यले. मी त्येंना या म्हणले. नोकरी हाये तोवर इथं ठेवायचं, असं तूच बोलल्ती. आता नोकरीचा भरवसा न्हाई."

"बराबर."

"पोरगी एकटी इथं ठेवता येत न्हाई."

"बराबर आत्याबाई."

"तुझा नवरा बी म्हणला, आई पाहील ते पाहील."

"बराबर..."

ती थांबली. कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघायला लागली.

"बराबर बराबर काय लावलं? हाव म्हन न्हाई तर न्हाई म्हन. पाव्हण्यांना मी काय सांगू, सून बराबर म्हणली?"

पाणी घागरीवरून वाहत होतं. शेजारीण ओरडली, "अवो, वाया चाललं!" पोरीने घागर सरकवली.

"आत्याबाई," मी म्हणाले, "मी बराबर म्हणले. म्हणजे मी हाव म्हणले का?"

"येडी झाली का काय? बराबर म्हंजे बोला, आयकू राह्यले. तेवढ्यावर कुनी सुपारी फोडतं का?"

मी ओट्यावर बसले. हसू आलं, आणि ते नीट हसू नव्हतं. सही न शिकलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या सासूला जे कळत होतं, ते तीन शिकलेल्या माणसांना चौकशीत कळलं नव्हतं. का कळलं होतं आणि सोयीचं नव्हतं, ते देव जाणे.

नळ गेल्यावर मी पिशवीतला कागद काढून पोरीच्या हातात दिला. लपवून उपयोग नव्हता. सगळं गाव वाचून बसलेलं, मग घरातल्यांनी का नाही वाचायचं? तिने मोठ्याने वाचला. आजी भिंतीला टेकून ऐकत होती. एका ठिकाणी पोरगी अडली.

"आई, हे वाचलं होतं का तू? 'नमुने निष्काळजीपणाने व हेतुपुरस्सर खराब केले.'"

मी वाचलं होतं. घाईत वाचलं होतं. माझं लक्ष सगळं कबूल मोजण्यात आणि शेडवर रोजंदारी या शब्दांवर होतं.

"हेतुपुरस्सर म्हणजे मुद्दाम," ती म्हणाली. "आणि निष्काळजीपणाने म्हणजे लक्ष न देता. दोन्ही एकदम कसं होईल? एखादी गोष्ट मुद्दाम करायची तर लक्ष द्यावंच लागतं ना?"

म्हातारी भिंत सोडून पुढे सरकली.

मी तो शब्द पुन्हा वाचला. मुद्दाम. मग तीन दिवसांत पहिल्यांदा माझं डोकं नीट चालायला लागलं. जालन्यात बियाण्याच्या कंपन्या किती आहेत हे रस्त्याने चाललं तरी दिसतं, आणि त्या सगळ्या एकमेकींना ओळखतात. लक्ष न देणारी बाई कुठेतरी चाळणीवर बसवतील. मुद्दाम नमुने नासवणारी बाई कोणी दारात उभी करणार नाही. आणि ज्यांच्या कपाटात माझ्या सहीचा असा कागद असेल, ते मला शेडमध्ये किती दिवस ठेवतील? जूनपर्यंत. पॅकिंगची घाई संपेपर्यंत. मग कागद काढून दाखवतील. सही केली तर नोकरी राहणार असं मी धरून चालले होते. नोकरी तशीही राहणार नव्हती. फक्त सही केली की पुढची सगळी दारं मी स्वतःच्या हाताने लावून घेणार होते, आणि मग पोरगी बुधवारच्या पाव्हण्यांपुढे चहाचा ट्रे घेऊन उभी राहणार होती.

हे कळलं म्हणून हलकं वाटलं, असं काही झालं नाही. तीन दिवस निदान एक दार अर्धं उघडं दिसत होतं. तेही भिंतच निघालं.

दुपारी म्हातारीने आमच्याबरोबर पिठलं-भाकरी खाल्ली. चारच्या गाडीने निघाली. चपला घालता घालता म्हणाली, "मंग? काय सांगू पाव्हण्यांना?"

"सांगा, पोरीची आई न्हाई म्हणली."

अठरा वर्षांत मी तिला कधी न्हाई म्हटलं नव्हतं. तिचा चेहरा उतरला. रागाने का वाईट वाटून, ते सांगता येणार नाही.

"आन् नोकरी गेली तर? खोलीचं भाडं, हिच्या पुस्तकांचा खर्चा? न्हाई म्हणायला काय लागतं? खायला लागतं."

"काम बघते."

"कुठं?"

"कुठंही. पोरगी दहावी झाल्याशिवाय गावाकडं येणार नाही. मी एकटी आले तरी ती येणार नाही, तिला वसतिगृहात टाकीन."

"मला बोल लावू राह्यली तू."

"न्हाई आत्याबाई. तुम्हाला उत्तर दिऊ राह्यले."

ती गल्लीच्या टोकापर्यंत मागे न बघता गेली. कैऱ्यांची पिशवी न्यायची विसरली की मुद्दाम ठेवली, मला माहीत नाही. पोरगी म्हणाली, "आई, आजी परत येईल का?" मी म्हणाले, "आधी पुस्तक घे."

दिवेलागणीला मी कागद पुन्हा काढला, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला कच्चं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. चार ओळी झाल्या. पोरीने शुद्धलेखन बघून दिलं. मग पक्की नक्कल वहीच्या कागदावर, खाली कार्बन घालून केली. त्यातल्या तीन ओळी त्यांच्या कागदाला उत्तर होत्या आणि चौथी माझ्या चुकीविषयी.

सोमवारी पोरगी सातच्या उन्हाळी वर्गाला गेली. मी नऊला कंपनीत पोचले. केबिनमध्ये कूलर चालू होता. मी वहीचा कागद टेबलावर ठेवला. मॅनेजरांनी बसा म्हटलं नाही. वाचायला लागले: उगवणखोलीतला कूलर एप्रिलच्या अखेरीस काढून मॅनेजरांच्या केबिनमध्ये बसवला. खोली अडतीस अंशांच्या पुढे गेली. मी चौकशीत बराबर म्हणाले, कबूल असं म्हणाले नाही. तापमानाच्या रजिस्टरात नऊ वर्षं रोजचे पंचवीस मी खोटे लिहिले.

"म्हणजे रजिस्टर खोटं लिहिल्याचं तुम्ही स्वतः कबूल करताय?" ते म्हणाले. त्यांना वाटलं, सापडलं.

"हो. ते कबूल."

"आणि टाइप केलेला कागद?"

"त्याच्यावर सही नाही करणार."

"मग बाहेर जा."

"याची पोच द्या."

"पोच?" ते टायपिस्टकडे बघून हसले. "बाईंना पोच पाहिजे. बाहेर जा म्हटलं ना."

टायपिस्टाने वर बघितलं नाही. मी कार्बनची प्रत पिशवीत ठेवली. फाटकावर पहारेकऱ्याने, तोच आमच्या पाव्हण्यातला, माझा पास मागून घेतला आणि म्हणाला, "वैनी, वाईट झालं." मी म्हणाले, "भोकरदनच्या बाजारात सांगशील तेव्हा नीट सांग."

तिथून पोस्टात गेले. मुख्य कार्यालयाच्या पत्त्यावर प्रत रजिस्टर्ड पोस्टाने टाकली, पोचपावतीसह. मग मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या बाजूला, जिथे छोट्या व्यापाऱ्यांची बियाण्याची गोडाऊनं आहेत, तिकडे चालत निघाले. मेअखेर होता, पॅकिंगची घाई. पहिल्या दोन ठिकाणी नको म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी पत्र्याखाली पंधरा-वीस बायका मका निवडत बसल्या होत्या. त्यांच्यावर देखरेख करणारी एक जाडजूड मुकादमीण होती.

"सूप धरता येतं का?"

"येतं."

"याआधी कुठं होत्या?"

"प्रयोगशाळेत. उगवण तपासायला."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. इस्त्रीची साडी, चष्मा, खांद्याला पिशवी.

"आन् मंग इथं कामून आल्या?"

"काम पाहिजे."

"पाच वाजेतोवर उठायचं न्हाई. पाणी त्या माठात."

मी चपला बाजूला काढल्या, पदर खोचला आणि दोघींच्या मधे जागा करून बसले.